इमान कोणाशी?

वाचकहो, मुलांसाठी पुस्तक निवडताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : यातून मूल काय शिकेल? प्रश्न रास्त आहे. तथापि तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या मनात त्याच वेळी एक निराळा प्रश्न घोळत असतो, आणि तो ती आपल्याला सांगत नाहीत. मी कोणाचा? आईवडिलांचा, की मित्राचा? शाळेचा, की गल्लीचा? ज्याने विश्वासाने गुपित सांगितले त्याचा, की ज्याने लहानाचे मोठे केले त्याचा? दहा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्या जगात ही सारी माणसे एकाच बाजूला उभी असतात. ती दोन बाजूंना उभी आहेत असे ज्या दिवशी प्रथम दिसते, त्या दिवशी बालपण संपू लागते.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपल्यापैकी अनेकांच्या घरात लहानाचा मोठा झाला आहे. किंबहुना तो कधी मोठा झालाच नाही, हेच त्याचे भाग्य. फुरसुंगीचा हा बनेश फेणे संकटात उडी घेतो तेव्हा कोण सज्जन आणि कोण लबाड याचा उलगडा व्हावयाचा असतो. पण बन्या स्वतः कोणत्या बाजूला आहे याविषयी त्याला किंवा आपल्याला कधीही शंका नसते. अकराव्या वर्षी हा भरवसा पौष्टिक असतो. मी तो पोटभर घेतलेला आहे. पुढे मात्र एक दिवस असा येतो की जिवलग मित्र आणि वडील यांपैकी कोणाला तरी दुखवावेच लागते, आणि मग सायकल कितीही वेगाने हाणली तरी सुटका नसते. त्या दिवसासाठी दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी लागतात. त्यांविषयी आज थोडे लिहावयाचे आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. कारण माझा धंदाच शब्दांचा आहे. हिंदीतून मराठीत मजकूर आणणे आणि आलेला मजकूर निवडून, पाखडून छपाईला देणे हे काम मी कित्येक वर्षे करीत आले आहे. या दोन भाषा सख्ख्या बहिणी. म्हणूनच त्या भाषांतरकाराला फसवतात. परकी भाषा इतकी फसवीत नाही. विश्वास, निष्ठा, इमान हे शब्द दोन्ही घरांत जवळजवळ सारख्याच तोंडवळ्याने वावरतात. पण हिंदी कथेत ‘फितूर’ हा शब्द दिसला म्हणजे माझी लेखणी थबकते. हिंदीत एखाद्याच्या डोक्यात फितूर शिरला म्हणजे त्याला कशाचे तरी खूळ लागले. मराठीत फितूर म्हणजे शत्रूला आतून मिळालेला माणूस. आपल्या बखरींत हा शब्द इतक्या वेळा येतो की किल्ले तोफांनी कमी आणि फितुरीनेच अधिक पडले असावेत असे वाटावे. न्यायालयातील साक्षीदार ऐन वेळी उलटला तर वर्तमानपत्रे आजही तो फितूर झाला असेच छापतात. मूळ शब्द एकच, अरबीतून आलेला. एका बहिणीने त्यातील वेड उचलले, दुसरीने विश्वासघात. पोरवयात मात्र हे दोन अर्थ पुन्हा एकमेकांच्या फार जवळ येतात. मैत्रीचे वेड लागलेले मूल घरच्यांना फितूर झाल्यासारखेच दिसू लागते.

माझ्या स्वतःच्या घरात दुहेरी इमानाचा हा प्रश्न माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. आमचे आजोबा नागपूरला उच्च न्यायालयाच्या कचेरीत कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि नव्या राज्याचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. कर्मचाऱ्यांचीही वाटणी झाली. आजोबा दप्तराबरोबर इकडे आले, त्यांचे थोरले बंधू नागपुरातच राहिले. त्यामुळे नागपूरच्या घरी आम्ही ‘जबलपूरवाले’ आणि जबलपूरच्या शाळेत ‘मराठी’. दर उन्हाळ्यात बसने नागपूरला जाताना कोणत्या टप्प्यावर आपण एका घरचे उरत नाही आणि दुसऱ्या घरचे होतो, याचा मी लहानपणी मोठ्या गंभीरपणे विचार करीत असे. लखनादौन मागे पडले की आई आम्हाला बजावीत असे, “आता नीट मराठीत बोला, तिकडे हसतील.”

आणि मौज अशी की या वाटेच्या साधारण मध्यावर, जबलपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, सिवनी आहे. मोगलीचे रान ते हेच. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली दिसू लागला तेव्हा आम्हा जबलपूरच्या मुलांना तो शेजारच्या जिल्ह्यातला मुलगा वाटत असे. रडयार्ड किपलिंगचे ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये आणि त्याचा दुसरा भाग १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. सिवनीच्या टेकड्या, वैनगंगा, ही नावे त्यात आहेत. पण लेखकाने हे रान डोळ्यांनी पाहिलेले नव्हते असे अभ्यासक मानतात. सातपुड्यातील वास्तव्यावर स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्याने १८७७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचा त्याला मोठा आधार झाला. आज सिवनी व छिंदवाडा जिल्ह्यांत पेंचचे व्याघ्र अभयारण्य आहे आणि तेथील पाट्यांवर मोगली हसताना दिसतो.

पुस्तकातला मोगली इतका हसत नाही. कॉलेजात बी. ए. करीत असताना मी प्रथम मूळ पुस्तक वाचले आणि चकित झाले. चित्रपटांतून आपल्याला ठाऊक झालेली गाणी आणि गमती त्यात नाहीत. आहे ती एका मुलाची दोन घरांतून झालेली हकालपट्टी. लांडग्यांच्या सभेत त्या उघड्या पोराला कळपात घ्यावयाचे तर आईबापांखेरीज आणखी दोघांनी त्याच्या बाजूने बोलले पाहिजे, असा रानाचा कायदा. बल्लू अस्वल बोलतो. दुसरे कोणी पुढे येत नाही, तेव्हा बघीरा नुकताच मारलेला एक बैल मोल म्हणून देऊ करतो आणि मोगलीचा जीव विकत घेतो. पुढे दहा-अकरा वर्षांनी म्हातारा नायक अकेला दुबळा होतो आणि शेरखानाने फूस लावलेले तरुण लांडगे मोगलीवर उलटतात. ज्यांच्या पायांतले काटे त्याने काढले तेच म्हणतात, तू माणूस आहेस, जा. तो गावात जातो. मेसुआ नावाची बाई, जिचा मुलगा वाघाने नेला होता, त्याला पोटच्या पोरासारखी वागवते. तो गावची म्हशी-गुरे राखतो, शेरखानाला मारतो. आणि तेच गाव त्याला चेटक्या ठरवून दगड मारते, म्हणते, तू लांडगा आहेस, जा.

येथे एखादा साधा लेखक मोगलीला कोणा एका बाजूला पक्का करून मोकळा झाला असता. किपलिंग तसे करीत नाही. मुलगा नाचतो आणि रडतो, आणि आपल्या आत दोन गोष्टी झुंजत आहेत एवढेच त्याला कळते. पुढच्या भागात तो ते गाव हत्तींकरवी जमीनदोस्त करवितो. पण तत्पूर्वी मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला सोडवून रात्रीच्या रानातून सुखरूप वाटेला लावतो. सूड आणि माया एकाच पोराच्या हातून. चौदा वर्षांच्या मुलाला हे समजत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी आपले स्वतःचे चौदावे वर्ष आठवून पाहावे. (त्या दांपत्याला न्याय मिळणार तो दूर खान्हीवाड्याच्या इंग्रजांकडे, ही गोष्ट मात्र मला आजही टोचते. सातपुड्यातल्या एकाही देशी माणसाच्या न्यायबुद्धीवर या लेखकाचा भरवसा नाही. मुलाच्या हाती पुस्तक देताना हे बोलून दाखवावे. पुस्तक काढून घेऊ नये.)

लांडग्यांनी वाढविलेल्या मुलांच्या हकीकती १८५२ मध्ये एका पुस्तिकेत प्रसिद्ध करणारा विल्यम स्लीमन जबलपूरकरांना वेगळ्या कारणाने परिचित आहे. ठगांचा बंदोबस्त त्याने याच शहरातून चालविला. आमच्याकडे शाळेच्या सहली भेडाघाटचे संगमरवरी खडक पाहून परतताना कोणीतरी शिक्षक ठगांची गोष्ट सांगतातच. वाटसरूंच्या तांड्यात मिसळायचे, त्यांच्याबरोबर जेवायचे, भजने म्हणायची, चोरांची भीती घालून स्वतःच सोबत द्यायची, आणि भरवसा पुरता बसला की रुमालाने गळा आवळायचा. इंग्रजांनी हे चित्र अतिरंजित केले असे आजचे इतिहासकार दाखवून देतात आणि ते ध्यानात ठेवणे जरूर आहे. परंतु १८३९ मध्ये मेडोज टेलरने त्यावर जी कादंबरी लिहिली, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’, ती वाचताना अंगावर काटा येतो तो रक्तपाताने नव्हे. निवेदक अमीर अली आपण माणसांचा विश्वास कसा संपादन केला हे एखाद्या कारागिराच्या अभिमानाने सांगतो, त्याने येतो. आणि ज्यांच्या जबान्यांवर हे सारे उभे राहिले ते फिरंगियासारखे ठग माफीचे साक्षीदार होते. आपल्याच सोबत्यांची, नातलगांची नावे त्यांनी सांगितली. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी जबलपुरात एक उद्योगशाळा काढण्यात आली. तेथे सतरंज्या, तंबू तयार होत. त्या शाळेत विणकाम शिकणाऱ्या पोराला, आपला बाप फितूर की शहाणा, हा प्रश्न पडला असेल काय? त्याच्यावर कोणी गोष्ट लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. लिहिली गेली पाहिजे.

मराठीत या प्रश्नाला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हात घातला तो हरिभाऊ आपट्यांनी. ‘उषःकाल’ ही कादंबरी १८९५ ते १८९७ या काळात त्यांच्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येत होती; म्हणजे तीही घरातल्या सर्वांनी वाचावयाच्या नियतकालिकातच जन्मली. नंतरच्या दोन-तीन पिढ्यांतील मराठी मुलांचे ‘मोठ्यांचे’ पहिले पुस्तक बहुधा हेच, नाहीतर नाथमाधवांचे एखादे. आमच्या आजीची प्रत नागपूरहून जबलपूरला आलेल्या सामानात होती. तिची पहिली काही पाने गेलेली असल्याने कादंबरी एकदम रानातच सुरू होते अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती.

त्यात सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा आहेत. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखावयाचे, हा त्यांचा धर्म. आणि मीठ आहे विजापूरच्या बादशहाचे. त्यांचा मुलगा नानासाहेब तरुण आहे, भोवतालचा जुलूम त्याला पाहवत नाही, आणि त्याचे मन शिवाजीराजांच्या उद्योगाकडे ओढ घेते. आता विचार करा, वाचकहो, हरिभाऊंना केवढी सोय होती! महाराष्ट्रात शिवाजीच्या बाजूचा जो तो चांगला आणि विरुद्ध बाजूचा जो तो वाईट, असे ठरवून टाकणे किती सोपे होते, आणि वाचकांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. पण त्यांनी अप्पांना दुष्ट केले नाही. अप्पांचे इमान खरे आहे, जुने आहे, आणि ते इमान ज्याला दिले त्याच्या लायकीवर अवलंबून नाही. मुलाचा स्वाभिमानही खरा आहे. म्हणून बाप आणि मुलगा समोरासमोर आले की पंधरा वर्षांच्या वाचकाला पुस्तक मिटून थोडे खिडकीबाहेर पाहावे लागते.

इतिहासातही हेच घडत होते. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत आणि मुलगा पुण्याकडे स्वराज्याची पायाभरणी करणारा. १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद झाली, तेव्हा या दुहेरी नात्याचे मोल सर्वांना कळले. पुढे १६५९ मध्ये अफझलखान चालून आला आणि मावळातील देशमुखांना विजापूरची फर्माने सुटली. रोहिडखोऱ्यातले खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कारीचे कान्होजी जेधे मुलांना बरोबर घेऊन शिवाजीराजांकडे गेले, बादशाही फर्मान त्यांच्यापुढे ठेवले आणि वतनावर पाणी सोडले. शाळेच्या पुस्तकात आपण हे शौर्य म्हणून शिकतो. माझ्या मते यात लढाईपूर्वीच घडलेली एक गोष्ट शौर्याहून मोठी आहे : कान्होजींनी कागद लपवला नाही. आपल्याला काय हुकूम आला आहे आणि आपण काय करणार, हे त्यांनी ज्याला सांगावयाचे त्याच्या समोर सांगितले. फितुरीची खूण बाजू बदलण्यात शोधतात, ती तेथे नसते. मनाने एका बाजूला जाऊन चेहरा मात्र दुसऱ्या बाजूचा ठेवणे, ही ती खूण. ठगाने कधी बाजू बदलली नव्हती; तो पहिल्या दिवसापासून एकाच बाजूचा होता. तरी त्याच्याइतका विश्वासघातकी कोणी नाही.

हे मला पुस्तकांतून जेवढे उमगले त्याहून अधिक माझ्या भाचीमुळे उमगले.

भाची, माझ्या बहिणीची मुलगी, तेव्हा दहावीत होती. एका रविवारी सकाळी ती माझ्याकडे आली आणि बराच वेळ नुसती पुस्तके चाळीत बसली. मग म्हणाली, “मावशी, शपथ मोडली तर पाप लागते का गं?” हळूहळू सारे बाहेर आले. तिची वर्गातली जिवलग मैत्रीण रोज संध्याकाळी शिकवणीला म्हणून घरून निघत होती. पण दीड महिना ती तेथे गेलीच नव्हती. ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर बसून राहायची आणि वेळ झाली की घरी परतायची. वडिलांनी पगारावर उचल घेऊन फी भरलेली. अभ्यास झेपेनासा झाला होता, झोप उडाली होती, आणि एकदा ती घाटावर बोलून गेली होती की घरी परत जाऊच नये असे वाटते. हे सांगताना तिने भाचीकडून नर्मदा मैयाची शपथ घेतली होती. जबलपुरात वाढलेल्या मुलीला ती शपथ हलकी वाटत नाही. आणि आदल्या रात्री त्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला होता : बेटा, तू तो सच बता.

“आंटींना मी ‘काही माहीत नाही’ म्हटले,” भाची म्हणाली. “शपथ मोडली तर मी फितूर. नाही मोडली तर खोटारडी. तू सांग, कोणाशी खोटे वागू?”

मी तिला विचारले, “घाटावर ती जे बोलली, ते नुसते बोलणे होते असे तुला वाटते का?”

ती गप्प राहिली. तेवढे उत्तर मला पुरे होते. मी म्हणाले, “मग ऐक. आज दिवेलागणीपर्यंत तिच्या घरी कळले नाही, तर मी स्वतः जाऊन सांगणार आहे. तुझ्या पाठीमागे जायचे नाही, म्हणून आत्ताच तुला सांगते.”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की क्षणभर मीच परक्या बाजूला गेले. मग ती उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. पुढचे मला नंतर कळले. ती सरळ मैत्रिणीकडे गेली, तिला गच्चीवर नेले आणि म्हणाली, मी शपथ मोडणार आहे; पण तुझ्या नकळत मोडणार नाही, तू माझ्याबरोबर खाली चल. मैत्रीण तिला पुष्कळ बोलली. रडली. शेवटी खाली आली. स्वयंपाकघरात आंटींसमोर भाचीने एकच वाक्य उच्चारले. बाकीचे त्या मुलीने स्वतः सांगितले. वडील प्रथम ओरडले, मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शिकवणी बंद झाली, मुलीला डॉक्टरांकडे नेले, आणि आता ती बरी आहे.

हे सारे गोड झाले असे मात्र समजू नका. त्या दोघी चार महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत. आता बोलतात, पण एका बाकावर बसत नाहीत, आणि गुपिते तर नाहीतच. भाचीला वाटते की आपण काहीतरी गमावले. तसे नाही असे मी तिला सांगत नाही, कारण तिने ते खरेच गमावले आहे.

परीक्षेनंतरच्या सुट्टीत मी तिला स्टीव्हन्सनचे ‘ट्रेझर आयलंड’ वाचावयास दिले. हेही प्रथम मुलांच्या एका साप्ताहिकात १८८१-८२ मध्ये क्रमशः आले आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. समुद्र, नकाशा, खजिना हे सर्वांस ठाऊक असते. पण माझ्या आवडीची जागा शेवटाकडे आहे. जिम हॉकिन्स चाच्यांच्या हाती सापडतो. तेव्हा तो त्यांना तोंडावर सांगतो की तुमचे जहाज मीच पळवले, तुमचे बेत मीच ऐकले, आता मारा किंवा सोडा. पुढे लाँग जॉन सिल्व्हरच्या परवानगीने डॉक्टर लिव्हसी त्याला कुंपणापाशी भेटतात आणि हळूच म्हणतात, उडी मार, पळून जाऊ. जिम म्हणतो, नाही. मी शब्द दिला आहे. शब्द कोणाला दिला? एका लबाड, खुनी, दोन्ही दगडांवर पाय ठेवून असलेल्या चाच्याला! घरातले वडीलधारे माणूस पळ म्हणत असताना तो पोरगा परत आत जातो. भाची म्हणाली, “हा मूर्ख आहे.” दोन दिवसांनी म्हणाली, “पण त्याने डॉक्टरांनाही खोटे सांगितले नाही.” मी काही बोलले नाही. मुलीने शपथ मोडली आणि जिमने शब्द पाळला. तरी दोघे मला एकाच घरची वाटतात.

याच कसोटीवर किपलिंगचा दुसरा प्रसिद्ध मुलगा, किम, उणा उतरतो. १९०१ ची ही कादंबरी हिंदुस्थानच्या रस्त्यांचे जे वर्णन करते ते आजही वाचत राहावेसे वाटते, आणि तिबेटी लामा व त्याचा चेला यांची माया तर अपूर्व. तो भाबडा लामा किमच्या शाळेची फी भरतो. आणि तोच किम सरकारच्या हेरखात्यासाठी काम करीत असतो. लामाच्या यात्रेचा आडोसा करून हिमालयात कागदपत्रे मिळवितो. गुरूला हे तो कधी सांगतो? कधीच नाही. लेखकाने अशी मांडणी केली आहे की किमला कोणाची निवड करावीच लागू नये, आणि वाचकाच्याही ते ध्यानात येऊ नये. बाजारात वाढलेल्या, हिंदुस्थानी बोलणाऱ्या पोराने इंग्रजी सत्तेची हेरगिरी करावी यात काही दुखण्यासारखे आहे, हे त्या पुस्तकाला ठाऊकच नाही. इतके सुंदर पुस्तक आणि मधोमध ही रिकामी जागा.

मोठ्या कादंबऱ्यांचे मुलांसाठी संक्षेप होतात तेव्हा कात्री प्रथम अशाच जागांवर चालते, हे या धंद्यात राहून मी पाहिले आहे. अप्पांचे इमान दोन ओळींत उरकले जाते. जिमचे परत आत जाणे गळते, कारण कथानक अडते. मूल गोंधळेल, अशी भीती असते. मूल गोंधळतेच. घरी, शाळेत, मैत्रीत ते रोज गोंधळलेले असते. पुस्तकात आपल्याआधी कोणीतरी असेच गोंधळले होते एवढा दिलासा तरी त्याला मिळू द्यावा. मोगलीच्या बाबतीत तर चित्रपटाने शेवटच बदलून टाकला. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटात मोगली पाणी भरावयास आलेल्या एका मुलीच्या मागोमाग गावात शिरतो, आणि अस्वल व बिबट्या गात-नाचत परततात. कोणाला काही द्यावे लागत नाही.

मूळ कथेत मोगली सतरा वर्षांचा झालेला असतो. वसंत येतो, सारे रान आपापल्या ओढीने निघून जाते, आणि त्याला आपल्याला काय होते आहे ते कळत नाही. तो धावत सुटतो आणि दूरच्या एका झोपडीत मेसुआ भेटते, कडेवर लहान मूल घेऊन. मग तो शेवटचा सभेच्या खडकावर येतो. आता त्याला हाकलणारे कोणी नाही. तो स्वतःच जाणार आहे, आणि ते सांगावयास आला आहे. बल्लू आंधळा झाला आहे. तो म्हणतो, जा. मोगली मात्र घुटमळतो, कारण त्याचा जीव एका बैलाच्या मोलाने विकत घेतलेला आहे आणि मोल देणारा अजून आलेला नाही.

तेवढ्यात खालच्या झाडीत धडपड ऐकू येते आणि बघीरा समोर उभा राहतो. त्याचा पंजा रक्ताने ओला आहे. उशीर झाला, कारण तो शिकारीला गेला होता. झाडीत एक बैल मरून पडला आहे, दोन वर्षांचा, तुझ्या सुटकेचा बैल, असे तो सांगतो. सारी देणी फिटली. बाकीचे मी बल्लूच्या तोंडून बोललो असे समज, म्हणतो. मग तो मोगलीचा पाय चाटतो आणि उडी घेऊन रानात निघून जातो.